प्रिंट पुन्हा पुन्हा काळपट, मळकट येतंय? आधी कागद बघा, मग फाइल उघडा

फाइल तीच, डिझाइन तेच, मागच्या वेळी झक्कास आलं होतं, आणि यावेळी फोटो काळपट, चेहरे मळकट, छान निळा होता तो जांभळ्याकडे गेलेला, बारीक अक्षरं भरलेली. मग डिझायनर म्हणतो मशीनवर शाई जास्त सोडली, प्रेसवाला म्हणतो फाइलच तशी होती, आणि ज्याचं काम आहे तो बिचारा मधे लटकतो. मी प्रिप्रेसला बसतो, म्हणजे डिझायनरची फाइल आणि मशीनवर चढणारी प्लेट यांच्या मधे, आणि हे भांडण मिटवायची वेळ सतत माझ्यावरच येते. माझं मत स्पष्ट आहे, अशा बहुतेक केसमध्ये मधल्या मधे कागद बदललेला असतो. कधी चकचकीत थराच्या ग्लॉसऐवजी बिनथराचा साधा मॅपलिथो घेतला, कधी क्रीम रंगाचा घेतला, कधी "जरा नॅचरल फील पाहिजे" म्हणून टेक्स्चरवाला घेतला, आणि फाइल मात्र जुन्याच कागदासाठी बनवलेली तशीच पुढे गेली.

म्हणून सगळ्यात आधी जुनं प्रिंट आणि नवं प्रिंट शेजारी शेजारी ठेवा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली अजिबात नको. छपाईत रंग बघायला ५००० केल्विनचा उजेड ठरवून दिलेला आहे तो उगाच नाही, वेगळ्या उजेडात तोच रंग खरोखर वेगळा दिसतो. आता बोटाने कागद चाचपून बघा, तिरपा धरून चमक बघा. मग छपाईकडे या. मधले टोन जड झालेत, गडद भाग एकमेकांत मिसळलेत, पण एकदम फिकट भाग ठीक आहेत? मग कागदाचा संशय घ्या. फोटो ठीक पण एखादाच रंग विचित्र आलाय? मग तो फाइलमध्ये दिलेला शाईचा आकडा. अक्षरांच्या कडेला लाल-निळी किनार दिसतेय? ते रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसलेले नाहीत, पण त्याचं मूळसुद्धा बरेचदा फाइलमध्येच असतं, ते खाली सांगतो. एखादं अक्षर किंवा लोगो चक्क गायबच आहे? तो ओव्हरप्रिंट, तेही खाली आहे.

कागद बदलला की होतं काय

ऑफसेटला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. फाइलमध्ये ५० टक्के टोन असेल तर कागदावर तो ५० दिसत नाही, ठिपका थोडा पसरतो. कोटेड म्हणजे आर्ट पेपरवर वर थर असतो, शाई बऱ्यापैकी वरच राहते, तरी तो ५० साधारण ६५ च्या आसपास दिसतो. अनकोटेडवर, म्हणजे मॅपलिथो, बॉन्ड, हँडमेड टाइप कागदांवर शाई तंतूंमध्ये शिरते आणि तोच ५० सत्तर-बहात्तरपर्यंत जातो. याला डॉट गेन म्हणतात. यात मशीनचा दोष नाही, हे होणारच आहे, आणि म्हणूनच त्या त्या कागदाचा कलर प्रोफाइल असतो, ज्यात हे पसरणं आधीच धरलेलं असतं. युरोपातल्या स्टँडर्डप्रमाणे कोटेडसाठी फोग्रा ३९ किंवा त्यानंतरचा ५१, आणि अनकोटेडसाठी फोग्रा ४७ किंवा ५२. अमेरिकन पद्धतीने चालणारी प्रेस ग्रेकॉल किंवा स्वॉप म्हणेल. कुठला वापरायचा ते प्रेसला विचारा, अंदाजाने ठरवू नका.

त्यात अनकोटेडवर दुहेरी मार बसतो, मधले टोन जड होतात आणि गडद भाग मात्र पुरेसे गडद होत नाहीत, कारण शाई आत गेली की तिची चमक आणि घट्टपणा दोन्ही जातात. म्हणजे फोटोतला फरकच कमी होतो, काळे केस आणि काळा कोट एकाच राखाडी चिखलात मिसळतात. लोकांना वाटतं शाई वाढवली की सुटेल, पण वाढवली की मधले टोन अजून जड होतात आणि चेहरा अजून काळा पडतो. मशीनवर हे सुटत नाही, हे फाइलमध्येच सोडवावं लागतं.

उपाय असा. मूळ आरजीबी फोटो, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला, शोधा, आणि फोटोशॉपमध्ये कन्व्हर्ट टू प्रोफाइल करून अनकोटेड प्रोफाइलमध्ये न्या. असाइन प्रोफाइल नको, हे दोन पर्याय मेनूत एकाखाली एक असतात आणि लोक भलताच दाबतात. असाइनने आकडे तेच राहतात, फक्त स्क्रीनवरचं दिसणं बदलतं, प्रिंट जसं येणार होतं तसंच येतं. कन्व्हर्टने आकडे बदलतात. कन्व्हर्ट करायच्या आधी प्रूफ सेटअपमध्ये तोच प्रोफाइल निवडा आणि सिम्युलेट पेपर कलर चालू करून बघा, स्क्रीन एकदम फिक्कट आणि उदास दिसेल, मन खट्टू होईल, पण कागदावर साधारण तसंच येणार असतं. आता त्या दृश्यात राहून फोटोचे मधले टोन थोडे उचला, चेहऱ्यावरचा उजेड उचला, शार्पनिंग नेहमीपेक्षा किंचित जास्त ठेवा. क्रीम कागद असेल तर लक्षात ठेवा की छपाईत पांढरी शाई नसते, फोटोतला पांढरा म्हणजे कागदाचाच रंग, त्यामुळे बर्फ, पांढरे कपडे, दात सगळे पिवळसर होणार आणि त्वचाही उबदार होणार. लग्नाचा अल्बम किंवा दागिन्यांचा कॅटलॉग क्रीमवर छापायचा हट्ट मी तरी करू देत नाही. कवितासंग्रह खुशाल छापा, वाचायला फार सुंदर लागतो.

आता एक मोठा धोका. मूळ आरजीबी हाताशी नाही, फक्त जुनी सीएमवायके फाइल आहे, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शायांत आधीच बदललेली, मग कोणीतरी ती अख्खी फाइलच एका सीएमवायके प्रोफाइलमधून दुसऱ्यात कन्व्हर्ट करतं. फोटोचं जे व्हायचं ते होतं, पण मजकुराची वाट लागते. जे अक्षर फक्त काळ्या शाईत होतं, सी ० एम ० वाय ० के १००, ते कन्व्हर्ट झाल्यावर चारही शायांचं मिश्रण होऊन बसतं. स्क्रीनवर तसंच काळं दिसतं, कळतच नाही. मशीनवर आठ पॉइंटचं अक्षर चार प्लेटमधून छापलं जातं, कागद केसाइतका जरी हलला तरी अक्षराला रंगीत किनार येते. वर रजिस्ट्रेशनचं म्हटलं ते हेच, तक्रार ऑपरेटरच्या नावाने होते आणि कारण कन्व्हर्जनमध्ये असतं. म्हणून फक्त फोटो कन्व्हर्ट करा, मजकूर आणि व्हेक्टर जागेवर राहू द्या. इनडिझाइनमधून पीडीएफ काढताना कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन, प्रिझर्व्ह नंबर्स असा पर्याय आहे तो घ्या, म्हणजे आरजीबी फोटो बदलतील आणि तुम्ही हाताने दिलेले सीएमवायके आकडे तसेच राहतील.

निळ्याचा जांभळा होतो त्याचंही इथेच सांगून टाकतो. सायन १०० आणि मॅजेंटा १०० दिलं तर कागदावर जांभळंच येणार. निळा पाहिजे तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्के खाली ठेवा. आणि स्क्रीनवरचा तो झगमगीत निऑन हिरवा किंवा केशरी चार शायांत येतच नाही, कागद कितीही महाग घेतला तरी. तो रंग हवाच असेल तर स्पॉट कलर, म्हणजे त्या रंगाची वेगळी तयार शाई, घ्या.

शाई किती चढतेय ते मोजा

चारही शायांची बेरीज म्हणजे टोटल इंक. सैद्धांतिक ४०० टक्के, पण तेवढी शाई कुठलाच कागद झेलत नाही. कोटेडला साधारण ३०० ते ३३०, अनकोटेडला प्रेसवाले २६० ते ३०० च्या मधलं काहीतरी सांगतात, वर्तमानपत्राच्या कागदाला २४० किंवा त्याहूनही कमी. याच्या वर गेलात की शाई सुकत नाही, खालच्या शीटची ओली शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते, कटिंगच्या थप्पीत पानं चिकटतात. काळपट प्रिंटसोबत मागच्या बाजूला भुतासारखी उलटी छाया दिसत असेल तर हेच बघा.

अॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा, टोटल एरिया कव्हरेज चालू करा, मर्यादा टाका, जास्तीचा भाग वेगळ्या रंगात उजळतो. हेच पॅनेल रोज वापरायची सवय लावून घ्या, कर्सर कुठेही नेला की चारही शायांचे आकडे दिसतात, अर्धे वाद तिथेच मिटतात. शाई जास्त असेल तर मूळ फोटो योग्य प्रोफाइलमधून परत कन्व्हर्ट करा, प्रोफाइलमध्ये ती मर्यादा आधीच बसवलेली असते.

काळ्याचे दोन प्रकार, आणि गायब होणारा पांढरा

मोठा काळा पट्टा नुसत्या के १०० ने दिला तर करडा आणि फुसका दिसतो, अनकोटेडवर तर फारच. तिथे रिच ब्लॅक द्या, सी ६० एम ४० वाय ४० के १०० हे मिश्रण बऱ्याच ठिकाणी चालतं, बेरीज २४० होते, सुरक्षित आहे. मजकुराला मात्र नेहमी फक्त के १००. आणि आरजीबीमधला काळा तसाच कन्व्हर्ट होऊ देऊ नका, स्वॉप प्रोफाइलने तो ७५, ६८, ६७, ९० असा होतो, बेरीज ३००. हे आकडे मजकुरावर दिसले की समजायचं, कोणीतरी फोटोशॉपमध्ये किंवा वर्डमध्ये टाइप करून आणलंय. इलस्ट्रेटरमध्ये अजून एक फसवणूक आहे, सुरुवातीच्या सेटिंगला तो स्क्रीनवर सगळे काळे सारखेच गडद दाखवतो. प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्स ऑफ ब्लॅक आहे, तिथे डिस्प्ले ऑल ब्लॅक्स अॅक्युरेटली करा, मग के १०० आणि रिच ब्लॅक वेगवेगळे दिसायला लागतील.

आता तो गायब लोगो. काळ्या अक्षराला ओव्हरप्रिंट देणं बरोबर आहे, खालच्या रंगावर ते थेट छापलं जातं, मधे पांढरी फट राहत नाही. पण तेच काळं अक्षर कॉपी करून कोणी पांढरं केलं आणि ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली, तर पांढरं म्हणजे काहीच शाई नाही, आणि काहीच नाही ते खालच्या रंगावर छापा असा त्याचा अर्थ होतो. अक्षर नाहीसं. ब्राउझरमध्ये दिसेल, फोनवर दिसेल, क्लायंटने ओके दिलेल्या पीडीएफमध्येही दिसेल, प्लेटवर नसेल. त्यामुळे फोनवर बघून दिलेलं अप्रूव्हल मी अप्रूव्हल धरत नाही. अॅक्रोबॅट रीडरच्या प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्ले, यूज ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू ऑलवेज करा, तिथे गायब झालं तर छपाईतही गायब.

देवनागरीचं वेगळं दुखणं

आपल्या लिपीत हा त्रास जास्त जाणवतो. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं काढली, त्यात लाइट वजनाचा फॉन्ट, त्यात अनकोटेड कागद, की शाई चारही बाजूंनी आत सरकते आणि आधी बुजतो तो अनुस्वार, मग रफार, मग उकाराची गाठ. "पंत"चं "पत" होतं. प्रूफरीडरने डोळ्यात तेल घालून तपासलेलं असतं आणि वाचकाला ती शुद्धलेखनाची चूक वाटते. अनकोटेडवर उलट्या म्हणजे पांढऱ्या अक्षरासाठी दहा पॉइंटच्या खाली शक्यतो जाऊ नका, मीडियम वजन घ्या, आणि मागचा रंग एक-दोन शायांतच बसवा, चारांच्या मिश्रणावर बारीक पांढरं अक्षर ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

दुसरं, वेलांटी सुटणं आणि जोडाक्षर फुटणं. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला पाहिजे, नाहीतर वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन बसते. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय लिपींचा पर्याय चालू करावा लागतो. आणि "फाइल कर्व्ह करून पाठवा" म्हणतात, म्हणजे अक्षरांचे फॉन्टशिवायचे आकार करून, तेव्हा कर्व्ह केल्यावर परत एकदा पूर्ण मजकूर वाचा, कर्व्ह करताना जर अक्षर फुटलं तर ते फुटलेलंच कर्व्ह होतं. कर्व्ह न केलेली फाइल स्वतःकडे ठेवायला विसरू नका, शेवटच्या क्षणी फोन नंबर बदलायचा असतोच.

रिझोल्यूशन आणि ब्लीडवर इतकं लिहिलं गेलंय की मी पटकन उरकतो. छापायच्या मापाला ३०० पीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल. सोशल मीडियावरची १०८० पिक्सेल रुंद इमेज ३०० ने फक्त साडेतीन इंच भरते, ए४ वर ताणली तर १३० च्या आसपास उरते. फोटोशॉपमध्ये ७२ चा आकडा पुसून ३०० लिहिल्याने आणि रिसॅम्पल केल्याने बारकावे परत येत नाहीत. फोटो व्हॉट्सअॅपवर मागवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं डिझाइन, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर, मजकूर कडेपासून निदान ५ आत.

जाडी, घडी आणि तडे

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, जाडी नाही. यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण १०० जीएसएमचा अनकोटेड हा १३० जीएसएमच्या ग्लॉस आर्टपेक्षा हाताला जाड लागू शकतो, कारण ग्लॉसला दाबून गुळगुळीत केलेलं असतं. पुस्तकाची पाठ मोजताना हे फार महागात पडतं. २०० पानं म्हणजे १०० कागद, एका कागदाची जाडी ०.१२ मिमी असेल तर पाठ १२ मिमी, तोच कागद ०.०८ चा निघाला तर ८ मिमी, आणि पाठीवरचं नाव कव्हरच्या पुढच्या बाजूला डोकावतं. जीएसएमवरून अंदाज बांधू नका, मायक्रॉनमध्ये जाडी विचारा, नाहीतर त्याच कागदाचा कोरा डमी बांधून घ्या आणि पट्टीने मोजा.

घडीवर रंग तडकतो, पांढरी रेघ दिसते, हीसुद्धा दर वेळची तक्रार. कागदाचे तंतू कारखान्यातून एका दिशेने येतात, तो ग्रेन. घडी ग्रेनला समांतर पाहिजे. ओळखायचा सोपा मार्ग, छोटा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा, तो वळून नळी व्हायला लागतो, नळीची लांबी ज्या दिशेला ती ग्रेनची दिशा. फाडूनही कळतं, ग्रेनच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. साधारण १७० जीएसएमच्या वर गेलात की नुसती घडी नको, आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडणं, करून घ्या. डिजिटल प्रिंट असेल तर टोनर कागदाच्या वर थरासारखा बसलेला असतो, घडीवर तो लवकर सुटतो, त्यामुळे घडीच्या रेषेवर गडद सलग रंग ठेवूच नका, डिझाइन करतानाच तिथे फिकट पट्टा किंवा मोकळी जागा येईल असं बघा. कव्हरला लॅमिनेशन केलं तर तडे कमी होतात, पण मॅट लॅमिनेशनने गडद रंग थोडे मंद होतात हे धरून चला आणि प्रूफ लॅमिनेशन करूनच बघा.

प्रेसला काय पाठवायचं, काय विचारायचं

छपाईसाठीच्या पीडीएफचे हे दोन प्रकार, पीडीएफ एक्स-१ए की एक्स-४ ते प्रेस सांगेल. एक्स-१ए मध्ये आरजीबी चालत नाही आणि ट्रान्सपरन्सी आधीच सपाट केलेली असते, जुन्या सिस्टीमला ते सोपं जातं. एक्स-४ मध्ये ट्रान्सपरन्सी जिवंत राहते आणि प्रोफाइलसकट आरजीबीही चालतं. माझी पसंती एक्स-४ ला, कारण सावल्या आणि ग्लो जिथे अक्षरांवरून जातात तिथे सपाट केलेल्या फाइलमध्ये अक्षरं कधी कधी जाड-बारीक होतात. पण प्रेसची सिस्टीम जुनी असेल तर हट्ट करू नका.

विचारायचं एवढंच, आणि ते डिझाइन सुरू करायच्या आधी. कागद नेमका कोणता, कोटेड की अनकोटेड, किती जीएसएम, किती मायक्रॉन, प्रोफाइल कोणता, टोटल इंक किती, ग्रेन कुठल्या दिशेला येईल. उत्तर "तुम्ही फाइल पाठवा, आम्ही बघतो" असं आलं तर जरा चिकाटीने परत विचारा, किमान त्याच कागदावर एखाद्या जुन्या कामाचं शीट मागून घ्या. कागद ऐनवेळी संपलाय, दुसरा चालेल का, असा फोन आला तर हो म्हणायच्या आधी तो कोटेड आहे का आणि पांढरेपणा सारखा आहे का ते विचारा. कोटेडच्या जागी दुसऱ्या कंपनीचा कोटेड आला तर बहुतेक वेळा निभावतं. कोटेडच्या जागी अनकोटेड येणार असेल तर काम थांबवा, फाइल परत मागवा, फोटो नव्याने कन्व्हर्ट करून मगच प्लेट काढू द्या, एक दिवस गेला तरी चालेल.

आणि काम चांगलं आलं की त्यातलं एक शीट न कापता बाजूला ठेवा, मागे पेन्सिलने कागदाचं नाव, जीएसएम, प्रोफाइल लिहा. फोल्डरमध्ये मूळ आरजीबी फोटो, कर्व्ह न केलेली फाइल आणि छापलेली पीडीएफ, तिन्ही एकत्र. पुढच्या वेळी तेच काम परत निघेल तेव्हा फाइलसोबत ते शीटही प्रेसला पाठवा, ऑपरेटरला जुळवायला समोर काहीतरी पाहिजे असतं.